मुरबाडच्या बाजारातली काळी कोंबडी

बैल घ्यायचा असला की आमच्या वस्तीतले पुरुष म्हसाच्या जत्रेला जायचे. बैलाचे दात बघायचे, त्याला चालवून बघायचे, दोन दोन दिवस तिथेच मुक्काम ठोकायचे. कोंबड्यांचा कारभार मात्र बायकांचा. त्यासाठी मुरबाडचा आठवडी बाजार, आणि तिथे पैशापेक्षा अदलाबदल जास्त. कोंबडा द्या, तलंग म्हणजे कोवळी कोंबडी घ्या. सुकी मासळी द्या, अंडी घ्या. आमची वस्ती शहापूर आणि मुरबाडच्या मधे, शाई नदीच्या अलीकडे. पहाटे निघालं की उन्हं तापायच्या आत बाजारात पोचता यायचं.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या आदल्या वर्षीचा उन्हाळा. मी सोळा वर्षांची होते आणि मला सगळं कळतं अशी माझी खात्री होती.

या खात्रीला कारण होतं. बाबा खर्डीजवळ रेल्वेच्या गँगमध्ये होते. सुट्टीला घरी येताना ते मुलांसाठी खाऊ आणायचे नाहीत, पत्रकं आणायचे. संपाची, संयुक्त महाराष्ट्राच्या सभांची, दारूबंदीची, साक्षरतेची. आमच्या घराच्या कुडाला बाहेरून शेण होतं आणि आतून पत्रकं. मी अक्षरं शिकले ती त्या कुडावर. ‘बंधूंनो आणि भगिनींनो’ हे मला स्वतःच्या नावाआधी वाचता आलं असेल. छापलेलं ते खरं, आणि खरं ते मोठ्याने सांगावं, एवढंच माझं तत्त्वज्ञान होतं. संध्याकाळी अंगणात बसून मी बायकांना पत्रकं वाचून दाखवायची. त्या तांदूळ निवडत ऐकायच्या आणि मधून मधून माझी टिंगल करायच्या.

त्या वर्षी ब्लॉकच्या कचेरीतला एक माणूस कोंबड्यांविषयीचं पत्रक वाटून गेला. त्यावर मान पिरगळलेल्या कोंबडीचं चित्र होतं. खाली मानमोडीची लक्षणं, आणि एक वाक्य ठळक अक्षरांत : बाजारातून आणलेला नवा पक्षी काही दिवस घरच्या पक्ष्यांपासून वेगळा ठेवावा.

मी ते अंगणात वाचून दाखवलं तशी शेजारची वहिनी म्हणाली, “वेगळी ठेवायची? का गो, नवी सून हाय का ती?”

“नव्या सुनेला कोण ठेवतंय वेगळं?” दुसरी म्हणाली. “मला तर पयल्याच दिवशी पाण्याला धाडली.”

सगळ्या हसल्या. मी रागावले. अज्ञानामुळेच आपण मागे आहोत, असं काहीतरी मी त्यांना सुनावलंही. तिथे कुडाला टेकून काकी बसली होती. तीही हसत होती, पण तोंडावर पदर धरून.

काकी म्हणजे वस्तीच्या टोकाला एकटी राहणारी विधवा. नात्याने ती कोणाचीच काकी नव्हती. कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी घालणं थांबवून पिसं फुलवून बसू लागली, की घराघरातून काकीला बोलावणं जायचं. टोपलीत पेंढा किती घालायचा, अंडी किती आणि कुठली ठेवायची, हे तिने ठरवायचं. कोंबडी अंड्यावर आली आहे का, तेही ती नुसत्या बोटाने चाचपून सांगायची. तिची स्वतःची एकच कोंबडी होती, म्हातारी, मान कायमची एका बाजूला कललेली. पूर्वी कधीतरी मानमोडी येऊन गेली, तिच्यातून वाचलेली. ती चालायची तेव्हा सारखी आभाळाकडे बघतेय असं वाटायचं.

चैत्रात आईने मला मुरबाडला पाठवलं. आमचा एक भांडखोर कोंबडा देऊन तलंग आणायची होती. वस्तीतल्या दोघी बरोबर होत्या. त्यांना मीठ-मिरची घ्यायची होती, त्या तिकडे गेल्या आणि मी कोंबड्यांच्या रांगेत शिरले. पाय बांधून उलट्या धरलेल्या कोंबड्या, पाट्यांखाली कोंडलेल्या कोंबड्या. त्या दिवशी कोंबड्या फार आल्या होत्या. ते मला दिसलं. का आल्या असतील, हा प्रश्न मला पडला नाही.

एका बाईपुढे चकचकीत काळी कोंबडी होती. तुरा लालभडक, अंगाने भरलेली. तलंगेपेक्षा केव्हाही चांगली. मी घासाघिशीची तयारी करून म्हटलं, “कोंबडा घेतेस का हिच्यावर?”

“घे,” ती बाई म्हणाली.

एवढंच. कोंबड्याची छाती चाचपली नाही, पिसं फुंकून बघितली नाहीत. कोंबडा काखेत मारला आणि पाटी उचलून चालायला लागली. जाताना म्हणाली, “अंड्यावर येल गो, लवकर येल.” मला वाटलं, आपण हिला फसवलं. नदीपर्यंत मी बरोबरच्या दोघींना तेच सांगत होते.

घरी आल्यावर आईने रीतीप्रमाणे कोंबडीला चुलीभोवती तीनदा फिरवलं. तसं केलं की नवी कोंबडी घर विसरत नाही म्हणतात. मग ती म्हणाली, “खुराड्यात सोड.”

मला ठळक अक्षरांतलं ते वाक्य आठवलं. अगदी स्वच्छ आठवलं. पण वेगळं ठेवायचं तर वर झाकायला डालगं हवं, आणि आमचं एकुलतं एक डालगं खुडूक कोंबडीवर पालथं घातलेलं होतं. शेजारून मागून आणायला हवं होतं. शेजारची वहिनी हसली असती : आणलीस का नवी सून? मी दमले होते, पाय भाजले होते. मी कोंबडी खुराड्यात सोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकी वाटेने चालली होती. मीच तिला हाक मारली. माझा सौदा कोणाला तरी दाखवायचा होता. “काकी, बघ गो, अंड्यावर हाय का?”

तिने कोंबडी मांडीवर घेतली, बोटाने चाचपली, चोच उघडून बघितली. “दोन दिसांनी घालील,” ती म्हणाली. “कोंबडी ब्येस हाय. कोणी दिली तुला?” मग पदराला हात पुसून ती पुढे गेली. तिला त्या सकाळी तीन घरी खुडूक कोंबड्या बसवायच्या होत्या.

काळीने एक अंडं घातलं. चारपाच दिवसांनी ती चोच उघडून श्वास घ्यायला लागली. खाली हिरवट घाण. त्याच्या दुसऱ्या दिवशी तिची मान वळली, हळूहळू, पिळा घातल्यासारखी, आणि ती एकाच जागी गोल फिरू लागली. मी पत्रक काढून तिच्या शेजारी धरलं. चित्र तिचंच होतं.

आईने पत्रकाकडे बघितलं नाही. ती म्हणाली, “कोणाला बोलू नको.” आम्ही दोघींनी गोठ्यामागे खड्डा खणला आणि काळीला पुरलं.

आठवडाभरात आमचं खुराडं रिकामं झालं. मग शेजारचं. मग काकी गेली होती ती तिन्ही घरं, एकामागून एक. टोपलीतच कोंबड्या मेल्या, खाली अंडी गार. वैशाख तोंडावर आला होता, लग्नं ठरलेली, देवीचे नवस बोललेले, आणि सकाळी आरवायला कोंबडा नाही. ती शांतता मला आजही सहन होत नाही. उजाडायचं आणि काहीच ऐकू यायचं नाही.

पाणवठ्यावर बोलणं सुरू झालं. मी घागर बुडवत होते आणि माझ्या पाठीमागे दोघी बोलत होत्या.

“हिच्याकडं गेली, तिच्याकडं गेली. जिथं हात लागला तिथं गेलं सगळं.”

“आणि तिची? तिची ती वाकडी कोंबडी फिरते ना अजून.”

“फिरते तर. वर बघत फिरते.”

नाव कोणी घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. पत्रकात लिहिलं होतं की एकदा आजारातून वाचलेल्या पक्ष्याला तो आजार सहसा पुन्हा होत नाही. मला ते पाठ होतं. मी वळून तोंड उघडलंही असतं. पण त्यापुढचा प्रश्न मला दिसत होता. मग आजार आला कुठून?

दोन दिवसांनी कळलं की नदीपलीकडच्या भगताला बोलावणार आहेत. तो सुपात तांदूळ टाकून चेटूक कोणी केलं ते सांगतो. याचा अर्थ मला ठाऊक होता. मी लहान असताना जवळच्या पाड्यात एका बाईचं असंच झालं होतं. गुरं मेली, भगत आला, तांदूळ तिच्याकडे गेले. तिच्या झोपडीचे कूड उपटले, भांडी फेकली, तिला मारत शिवेबाहेर घालवलं. पुढे ती खर्डी स्टेशनच्या मागे इंजिनातून पडलेले कोळसे वेचताना बाबांनी पाहिली होती. बाबांनी ओळख दिली, तर ती पळून गेली.

बाबा सुट्टीला आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. काळी कोंबडी, खुराडं, काकीचा हात, सगळं. मला वाटलं होतं ते उठतील. साहेबाच्या तोंडावर बोलणारा माणूस म्हणून त्यांची ख्याती होती. त्यांनी हातातली बिडी न पेटवताच परत बंडलात घातली.

“गप ऱ्हा,” ते म्हणाले.

“बा, ते काकीला मारतील.”

“साहेबासमोर बोलणं सोपं असतं, बाय. साहेब सांजचा बंगल्यात जातो. ही माणसं उद्या सकाळी आपल्याच पाणवठ्यावर असतात.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “आणि तुजं लग्न व्हायचंय.”

माझा बाप घाबरलेला मी पहिल्यांदा पाहिला. त्याचं भय मला लागलं, जसा आजार लागतो तसंच.

भगत यायच्या आदल्या दिवशी दुपारी आंब्याखाली सगळी वस्ती जमली. भगताला कोण आणायला जाणार ते ठरवायचं होतं. ज्याचं सगळे ऐकत तो म्हातारा मधे बसला होता. काकी सगळ्यांच्या मागे, बांधाला टेकून. तिच्या दोन्ही बाजूंना माणूसभर जागा मोकळी होती. हात तिने पदराखाली घेतले होते. तिलाही कळलं होतं, कोण ते ठरलंय, तांदूळ फक्त पडायचेत.

मी उभी राहिले. “आजार आमी आणला,” मी म्हटलं. “मी. मुरबाडच्या बाजारातून आणलेल्या कोंबडीतून.” आणि पत्रक पुढे केलं.

म्हाताऱ्याला वाचता येत नव्हतं. त्याने चित्र जवळ धरून पाहिलं, लांब धरून पाहिलं. “हीच मान,” तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून विचारलं, “तुज्या कोंबडीतून सगळ्यांच्या कोंबड्यांत गेला कसा? तिला हात कोणी लावला?”

हाच तो प्रश्न. खरं उत्तर मला माहीत होतं आणि ते छापलेलंही होतं : हाताने, पायाने, भांड्याने आजार पसरतो. काकीचा हात लागला होता. त्यात तिचा दोष काडीचा नव्हता, बोलावलं मी होतं. पण ते वाक्य त्या आंब्याखाली मी उच्चारलं असतं, तर त्यातलं पहिलं अर्धंच ऐकलं गेलं असतं.

“कोणी नाय,” मी म्हटलं. “मीच तिला खळ्यावर नेऊन सोडली. सगळ्यांच्या कोंबड्या टिपत होत्या तिथं. मला मिरवायची होती.”

मी काकीकडे पाहिलं नाही. तेवढ्यात बायकांतून आईचा आवाज आला. माझी आई, जी चारचौघांत कधी बोलायची नाही. “व्हय,” ती म्हणाली. “मी तवाच वरडले व्हते तिला.”

“मिरवायचीच सवय हाय तिला,” शेजारची वहिनी फटकन म्हणाली. एकदोघं हसली. कडवट हसू होतं ते, पण त्याने काहीतरी सैल झालं. हे त्यांना पटण्यासारखं होतं. माझी मिरवण्याची सवय सगळ्या वस्तीला माहीत होती.

मग शिव्या सुरू झाल्या. त्या मी खाली मान घालून ऐकल्या. बाबा एका बाजूला उभे होते, त्यांनाही ऐकाव्या लागल्या. भगताला आणायला कोणी गेलं नाही. म्हाताऱ्याने दंड सांगितला : पुढच्या होळीपर्यंत आमच्या अंगणात कोंबडं दिसता कामा नये. “आणि ते कागद वाचणं बंद,” तो म्हणाला. पत्रक त्याने परत दिलं नाही, कमरेला खोचलं.

त्या रात्रीपासून नवीन भीती सुरू झाली. मी वाटेने गेले की एक बाई आपल्या तान्ह्या पोराचं तोंड पदराने झाकायची. कोणाचं वासरू आजारी पडलं की मी घरात बसायची, ते उठेपर्यंत. गप्पा मला बघून थांबायच्या. जे काकीसाठी ठरलं होतं ते रद्द झालं नव्हतं, फक्त पुढे ढकललं होतं, आणि आता त्याला दोन दारं माहीत होती. कुडावरची पत्रकं मी वाचत नव्हते. छापलेलं खरं मोठ्याने सांगून माणूस वाचतो, असं त्यांत जागोजागी लिहिलं होतं. मी एक माणूस वाचवलं होतं ते खोटं बोलून, आणि ते मला कोणाला सांगताही येत नव्हतं. काकी आता नाही. म्हणून इथे लिहिते.

पुढची होळी झाली. आईने आत्याकडून एक कोंबडी आणली, वेगळ्या डालग्यात ठेवली, आणि यथावकाश ती खुडूक झाली. मी काकीला बोलवायला गेले. वर्षभरात तिला कोणीच बोलावलं नव्हतं. दंड तिला झाला नव्हता, पण खुडूक कोंबड्या ज्याने त्याने आपापल्या बसवल्या होत्या.

ती आली, पण अंगणाच्या कुंपणाच्या, वईच्या आत आली नाही. आई म्हणाली, “ये गो, आत ये.”

“हितूनच सांगते,” काकी म्हणाली. दोन्ही हात तिने पाठीमागे एकमेकांत धरले होते. मी जवळ गेले तशी ती हळूच म्हणाली, “त्या दिशी मी तीन घरी गेले व्हते. तुला ठाव व्हतं ना?”

“व्हय,” मी म्हटलं.

तिने मान हलवली. मग माझ्यावरून नजर काढून आईच्या टोपलीकडे बघत मोठ्याने म्हणाली, “पेंढा कमी हाय. अजून घाल. मधे जरा खोलगट कर. हां. आता अंडी ठेव, टोक वर नको.”

आईचे हात चुकत होते. एक अंडं दोनदा ठेवावं लागलं. वईच्या पलीकडून काकी पुढे वाकली, तिचे खांदे हलले, पण हात तिने पाठीमागून सोडले नाहीत.