दोन नळ्या

आधी सिस्टरचं सांगते. आमच्या स्किन क्लिनिकमध्ये त्या सगळ्यात जुन्या नर्स. कसबा पेठेत राहतात, चालत येतात, चालत जातात. त्यांनी मला वाचवलं. मी त्या लायकीची होते का, हे तुम्ही पुढचं वाचून ठरवा. माझं मत माझ्याजवळ आहे.

मी भंडाऱ्याकडची. नवरा इकडे कंपनीत लागला म्हणून आलो, मांजरीत खोली घेतली. क्लिनिकमध्ये मदतनीस पाहिजे असं कळलं तेव्हा गेले. क्लिनिकच्या मालकीण म्हणजे डॉक्टर मॅडम. त्यांनी विचारलं, "शिक्षण?" मी म्हटलं, "दहावी." नववीत दिवाळीनंतर मी शाळेत गेलेच नव्हते. कागद कुणी मागितला नाही, मी दिला नाही.

काम म्हणजे फरशी, ट्रे, चादरी, काच. ते मी मनापासून करायची. मॅडम म्हणायच्या, हिनं पुसलेल्या काचेत तोंड दिसतं. हळूहळू मी काउंटरवरही बसू लागले, आणि तिथे पेशंट विचारायचे. बायका आत मॅडमना विचारायला बिचकतात. बाहेर माझ्याजवळ वाकून हळूच म्हणतात, "अगं, ह्यातलं नक्की कुठलं घ्यायचं?"

मला सगळी इंजेक्शनं सारखीच वाटायची. सिस्टरनी एका दुपारी डबा खाताना समजावलं. म्हणाल्या, "बोटॉक्स म्हणजे कपाळाला सुट्टी. रागावताना, हसताना जो स्नायू ओढला जातो तो काही महिने स्वस्थ बसतो, म्हणून आठी पडत नाही. दोन आठवडे थांबावं लागतं, मग तीनचार महिने टिकतं. फिलर वेगळं. ते भरायचं काम, गादी बसली की आपण कापूस भरतो तसं. गाल बसलेत, डोळ्यांखाली खड्डा आहे, तिथे. त्याच दिवशी दिसतं, वर्षभर राहतं. आणि नाही आवडलं तर बहुतेक फिलर विरघळवायचं औषधही असतं."

"आणि ते बारीक बारीक टोचतात ते?"

"स्किन बूस्टर. ते नुसतं कुंडीला पाणी. चेहऱ्याचा आकार बदलत नाही, कातडी कोरडी दिसत नाही इतकंच. दोनतीनदा यावं लागतं."

"आणि रक्ताचं?"

त्यांनी पोळीचा घास संपवला. "ते पेशंटचंच रक्त. काढायचं, मशीनमध्ये फिरवायचं, वर पिवळं पाणी येतं ते चेहऱ्याला द्यायचं. महिन्याच्या अंतरानं तीनदा. कुणाला फरक पडतो, कुणाला नाही. मी कुणाला वचन देत नाही. आपणही देऊ नये."

सिस्टर मला तू म्हणत. 'आपण' आलं की समजायचं, बाई सावध करतायत. मी तेव्हा समजले नाही.

कारण मला बोलायला आवडू लागलं होतं. चांगल्या घरच्या, शिकलेल्या बायका माझं ऐकायच्या, मान हलवायच्या. एकीनं मला मॅडम म्हटलं. त्या दिवशी बसमधून मांजरीला जाताना मी खिडकीत स्वतःकडे बघत होते. गावी फोन केला की आई शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "दवाखान्यात मोठ्या कामावर हाय माही पोरगी." मी नाही म्हणत नव्हते.

अशात एक काकू आल्या. सरकारी ऑफिसातून निवृत्त झालेल्या, पेठेतल्याच. लेकीकडे परदेशी जायचं म्हणून पासपोर्टचा फोटो काढला होता.

"फोटोत माझी सासू आली आहे," त्या म्हणाल्या. "ती जाऊन पंधरा वर्षं झाली. मला काही नटी व्हायचं नाही. पण फोटो बघून दचकायला नको."

मी त्यांना बोटॉक्स सांगितलं.

"त्यानं चेहरा दगडासारखा होतो म्हणे."

"मापात दिलं तर नाही होत, काकू."

"आमच्या ह्यांच्यासमोर चाळीस वर्षं तसाच ठेवलाय. त्याला इंजेक्शन लागलं नाही." त्या स्वतः हसल्या नाहीत. "बरं, फिलर?"

फिलर सांगितलं, बूस्टर सांगितलं. त्यांना बाहेरून काही आत घालून घ्यायचं म्हणजे धास्ती वाटत होती. मग मी रक्ताचं सांगितलं, आणि सिस्टरनी जे सांगितलं नव्हतं ते वर जोडलं. "सगळ्यात सुरक्षित हेच, काकू. बाकीचं बाटलीतून येतं, हे तुमचंच तुम्हाला. चूक व्हायला जागाच नाही."

त्यांनी तेच घ्यायचं ठरवलं. मॅडमनी आत तपासलं, फरक पडेलच असं नाही हेही सांगितलं. पण काकू बाहेर येऊन मला म्हणाल्या, "तू सांगितलंस ते पटलं."

तो शनिवार होता. मॅडमना एकच्या आत निघायचं होतं. काकू वेळेआधी आल्या, आणि आयटीतली एक मुलगी, तिचंही रक्ताचंच होतं, ती उशिरा आली. त्यामुळे दोघी एकदम. सिस्टरनी दोन खोल्यांत पाठोपाठ दोघींचं रक्त काढलं आणि नळ्या माझ्या हातात दिल्या. "स्टिकर लावून एकेक फिरव. समोर पाण्याची नळी ठेव." तेवढ्यात मॅडमनी हाक मारली आणि त्या गेल्या.

मशीनचं असं असतं की समोरासमोर सारखं वजन लागतं, नाहीतर ते थरथरत ओट्यावरून चालायला लागतं. म्हणून एका बाजूला रक्ताची नळी, दुसऱ्या बाजूला तेवढ्याच पाण्याची. सिस्टरचा नियम पक्का होता, एका वेळी एकाच माणसाचं रक्त. आणि स्टिकरवर पूर्ण नाव इंग्रजीत. एरवी स्टिकर त्याच लिहायच्या. मला इंग्रजी अक्षरं येतात, पण बघून बघून, पोरं काढतात तशी. एक नाव लिहायला मला खूप वेळ लागला असता, आणि कुणी बघितलं असतं तर दहावी तिथेच संपली असती.

मी मार्करनं नळ्यांच्या काचेवर दोघींच्या फाइलचे शेवटचे आकडे लिहिले. आणि पाण्याची नळी कशाला, दोन रक्ताच्या आहेतच की सारख्या, म्हणून दोन्ही समोरासमोर ठेवल्या. मशीन छान चाललं. मला स्वतःच्या हुशारीचं कौतुकही वाटलं.

मशीन थांबल्यावर दोन्ही नळ्या काढून ट्रेमध्ये ठेवल्या. एकीच्या बाहेरून रक्ताचा वाळलेला थेंब होता. मी स्पिरिटचा कापूस घेतला आणि पुसली. दुसरीही पुसली, हाताला सवय. दोन्ही लखलखीत झाल्या. मग कापसाकडे लक्ष गेलं. कापूस काळा झाला होता.

नळ्यांवर काही नव्हतं. खाली लाल, वर पिवळं, दोन्हींत सारखंच. कुठली कुठून काढली तेही आठवेना.

आता जे केलं ते लिहिताना हात थांबतो. त्या क्षणी जाऊन सांगायचं होतं. मी दार लोटून घेतलं आणि नळ्या खिडकीशी धरून बघत बसले. एकीतलं पाणी थोडं गढूळ वाटलं. मी मनाशी म्हटलं, ती मुलगी गोरी आहे, तरणी आहे, तिचं स्वच्छ असणार. काकू सावळ्या, वय झालेल्या, हे गढूळ त्यांचं. असं मी ठरवलं. मग फाइली समोर घेऊन, एकेक अक्षर बघत, दोन स्टिकर लिहिले. तेव्हा मला वेळ मिळाला. तेव्हा अक्षरंही आली.

स्टिकर लावून ट्रे काकूंच्या खोलीत नेला. त्यांच्या चेहऱ्याला बधिर करायचं मलम लावून झालेलं होतं. सिस्टर सिरिंज उघडत होत्या. काकूंनी मला बघितलं आणि म्हणाल्या, "ही आली ना, आता काळजी नाही. हिच्या भरवशावर घेतेय हो सिस्टर. आपलंच आपल्याला, चूक व्हायला जागाच नाही."

मी दारापर्यंत गेले. खरं सांगते, बाहेर जायलाच गेले होते. पण पाय पुढे पडेना. सिस्टर नळीतून पिवळं पाणी ओढत होत्या.

"सिस्टर, जरा बाहेर येता?"

"आत्ता?"

"हाव. आत्ताच."

बाहेर बोळात उभं राहून मी सगळं सांगितलं. त्यांनी हातातले मोजे काढले. मग म्हणाल्या, "आपलं शिक्षण किती?"

"दहावी."

"मी पुन्हा विचारते."

"नववी. अर्धी."

"आणि कुणाची कुठली, ते कशावरून ओळखलंत?"

मी तेही सांगितलं. गोरी आणि सावळी.

"रंगावरून," त्या म्हणाल्या. एवढंच. त्या ओरडल्या असत्या तर मी रडून मोकळी झाले असते. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "एकीच्या रक्तात काही आजार असता, तर तो आपण दुसरीच्या तोंडावर टोचला असता. बोटॉक्सची बाटली चुकली तर लेबल वाचून कळतं. फिलरचा डबा चुकला तर कळतं. ह्या एकाच गोष्टीला डबा नाही. तू लावलेला स्टिकर हाच डबा. आणि तू त्या काकूंना सांगत होतीस, चूक व्हायला जागा नाही."

त्या आत गेल्या, दोन्ही नळ्या आणि ती सिरिंज कचऱ्याच्या लाल पिशवीत टाकली. मग मॅडमकडे गेल्या. दार अर्धं उघडं होतं, मला ऐकू येत होतं.

"मॅडम, दोन्ही नळ्यांची ओळख राहिली नाही. स्टिकर माझ्याकडून लावायचे राहिले. टाकून दिल्यात."

"तुमच्याकडून?" मॅडमना खरंच वाटेना. "पेशंटना काय सांगायचं? मशीन बंद पडलं म्हणूया?"

"जे झालं ते सांगायचं. पुन्हा रक्त काढावं लागेल, आणि का, हे त्यांना कळायला पाहिजे. मी सांगते."

त्यांनी सांगितलं. आयटीतली मुलगी "सीरियसली?" म्हणाली, चेहरा पुसला, निघून गेली आणि रिक्षात बसायच्या आत मोबाइलवर आम्हाला एक स्टार देऊन मोकळी झाली. तिचं बरोबरच होतं. काकूंनी बाही वर सारली. मग दंड पुढे केला. "घ्या. सरकारी नोकरीत एकच अर्ज तीनदा दिलाय मी. हे तर दुसऱ्यांदाच."

ह्या वेळी स्टिकर सिस्टरनी लिहिले. मी समोर उभी होते.

मॅडमनी सिस्टरकडून लेखी घेतलं. आणि नियम काढला की इथून पुढे रक्ताच्या प्रत्येक नळीवर सिस्टरच्या सहीबरोबर दुसऱ्या नर्सची सही पाहिजे. ती दुसरी नर्स सिस्टरच्या लेकीपेक्षा लहान आहे. तीस वर्षं सुया टोचलेल्या बाईनं तिच्यापुढे नळी धरायची आणि तिनं वाचून हूं म्हणायचं. रोज. मी तिथेच असते, चादर बदलत.

मी सोमवारी सिस्टरना म्हटलं, मी मॅडमना खरं सांगते, मला काढू देत.

"काढतील," त्या म्हणाल्या. "मग तू दुसऱ्या दवाखान्यात जाशील, तिथेही दहावी सांगशील आणि हेच करशील. त्यापेक्षा माझ्या नजरेसमोर राहा. मी फार चांगली आहे म्हणून नाही करत हे. मी स्टिकर न लावता तुझ्या हातात नळ्या दिल्या, तेवढं माझंही आहे."

त्यांनी मला सतरा नंबरचा फॉर्म आणून दिला, बाहेरून दहावीला बसायचा. मधल्या सुट्टीत वाया गेलेल्या स्टिकरच्या रोलवर माझ्याकडून नावं लिहून घेतात. चुकलं की म्हणतात, "सुंदर. हे कुणाला टोचायचं?"

काकू तिन्ही वेळा आल्या. शेवटच्या वेळी मी धीर करून विचारलं, फरक वाटतो का.

"फोटोवाला बदलला," त्या म्हणाल्या. "तेवढा फरक आहे." मग पिशवीतून एक डबा काढून माझ्या हातात दिला. नारळाच्या वड्या होत्या. "तुझ्यासाठी. त्या दिवशी तूच थांबवलंस म्हणे. सिस्टर सांगत होत्या. एवढी हिंमत शिकलेल्यांत नसते."

मी डबा घेतला. नाही म्हणायला तोंड उघडलं नाही. सिस्टर मागे कपाटात काहीतरी लावत होत्या, त्यांनी वळूनही बघितलं नाही. चूक त्यांच्या नावावर आणि हिंमत माझ्या. वड्या घरी नेऊन नवऱ्याला दिल्या. त्यानं दोन खाल्ल्या, म्हणाला छान आहेत, तू का नाही खात. मी म्हटलं, गोड नको वाटतंय.

अजूनही पेशंट काउंटरवर वाकून विचारतात, कुठलं घेऊ. मी चारही सांगते. कुठलं लगेच दिसतं, कुठलं किती टिकतं, कुठलं परत विरघळवता येतं. रक्ताचं आलं की म्हणते, ह्यात फरक पडेल की नाही माहीत नाही, आणि सुरक्षित कुठलं ते मॅडमनाच विचारा. काही जणींना ते आवडत नाही. एक म्हणाली, "तुम्हाला काहीच माहिती नाही वाटतं." मी हो म्हटलं.

मॅडमना अजून काही माहीत नाही. हे लिहितेय म्हणजे मी मोठी खरी झाले असं नाही. नोकरी जाईल ह्या भीतीनं मी रोज गप्प बसते, आणि रोज ती दुसरी सही होताना बघते. पण सिस्टर, तुम्ही हे वाचाल तेव्हा एवढं लक्षात ठेवा. मार्चमध्ये मी परीक्षेला बसतेय. पास झाले तर तो कागद घेऊन आणि नापास झाले तर रिकाम्या हातानं, मी मॅडमच्या टेबलासमोर उभी राहीन आणि त्या दोन नळ्या कुणी फिरवल्या, कुणी पुसल्या, कुणी रंगावरून ओळखल्या ते सांगेन. तुमचं ते लेखी मॅडमना फाडायला लावीन. तुमच्या नळीवर तुमची एकटीची सही पुन्हा होईल, हे मी बघेन.