पिस्तुलाचे डोहाळे

चहा जरा गार होऊ द्या. माझी ही फजिती ऐकताना तोंडात गरम चहा असणं बरं नव्हे. माझ्या धाकट्या बहिणीला असा ठसका लागला होता की पाठीवर थापट्या मारता मारता माझे हात दुखले!

तर मुळात मी भित्री. लेकरू शिंकलं की मी वैद्याकडे माणूस धाडणार, आणि दिवसभर शिंकलंच नाही तर ‘का बरं शिंकलं नाही?’ म्हणून पुन्हा धाडणार. शाळा शिकले म्हणून शहाणी झाले असेन असं लोकांना वाटतं. मलाही अधूनमधून वाटतं. आणि असल्या बाईच्या ओच्यात भरदिवसा पिस्तूल! आहे का विश्वास?

दिवस तसेच होते हो. निजामाच्या राज्यात सगळीकडे लुटालुटीची गडबड चाललेली. शिरड शहापूरची कितीतरी घरं बायकापोरांना पैनगंगेपलीकडे, वऱ्हाडात धाडून मोकळी झाली होती. माझं माहेरही तिकडचंच. एका सकाळी हे म्हणाले, “तूबी लेकराला घेऊन माहेरी जा.”

“आणि तुम्ही?”

“मी हितंच. शेत कोण पाहील?”

झालं! मी जी रडायला बसले ती संध्याकाळपर्यंत. नवरा इकडे, मी तिकडे, मधे अख्खी नदी! शेवटी हे कंटाळून म्हणाले, “बरं, येक काम कर. मी दिवसभर शेतात आसतो. घरात तुला तुझं रक्षण करता आलं पायजे. पिस्तूल चालवायला शीक. शिकलीस तर राहा. न्हाई तर दमनीला बैलं जुंपलीच समज.”

मी डोळे पुसले आणि म्हणाले, “शिकते.”

बोलून गेले खरी. मग रात्रभर... पण ते राहू द्या.

पलटणीतून परतलेल्या एका ओळखीच्या माणसाकडून यांनी दोन पिस्तुलं पाहायला आणली. एक लांबलचक, दुसरं आखूड. हे लांबड्यावर भाळले. “ह्याचा धाक बग किती!”

“धाक माझ्या पोटाला टोचेल त्याचं काय? बसायचं कसं मी? चुलीशी उभ्यानं भाकरी थापू?”

बांगड्या भरताना करते तशीच चिकित्सा मी केली. हे जड, ते गार, याची मूठ खरखरीत. शेवटी आखूड पसंत पडलं. लुगड्याच्या निऱ्यांचा घट्ट ओचा करून त्यात ते खोवलं, वरून पदर घेतला आणि यांच्यापुढे गोल फिरले. “दिसतंय का?”

“पिस्तूल न्हाई दिसून राहिलं,” हे म्हणाले, “पन तुझं तोंड दिसून राहिलंय ना! चोरी केल्यावानी काहून करतीस?”

मग शिक्षण. शेतात तुरी डोक्याइतक्या वाढल्या होत्या, त्यांच्या आड आमची शाळा भरायची. आवाज नको म्हणून गोळ्या नाहीत. नुसतं चटकन बाहेर काढायचं आणि धरायचं. हे चोर व्हायचे. मिशीला पीळ देत यायचे, आणि मी ओच्यात हात घालायची. आधी निघायची किल्ली. मग लेकराचं टोपडं. मग सुपारीचं खांड. मग सगळ्या निऱ्या!

“आगं, चोर जेवून, हात धुवून, पान खाऊन गेला की!” हे कपाळाला हात लावायचे.

“तुम्ही जरा सावकाश येत जा ना.”

“चोराला सांगू का तसं?”

सवय व्हावी म्हणून ते घरातही ओच्यात ठेवायचं ठरलं. अट एकच: आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, कळता कामा नये. त्यांना हत्याराचा भारी तिटकारा, आणि त्यांचा आवाज असा की आमच्या ओसरीवर बोलल्या तर दूर जवळा बाजार गावात लोक मागे वळून पाहतील. पिस्तूल परवान्याचं थोडंच होतं!

गोळ्या यांनी वेगळ्या, कुलपात ठेवल्या होत्या. मला ते ठाऊक होतं. पण माझ्या भीतीला ठाऊक नव्हतं ना! मी जपून चालू लागले, एक हात सदा पोटावर. बसायची ती भिंतीला धरून हळूहळू. भरली घागर उचलेना. जात्यावर बसेना. लेकरू उडी मारून मांडीवर येऊ लागलं की मी ओरडायची, “पोटावर नको रे राजा!” आणि धसक्यानं माझ्या घशाखाली घास उतरेना.

आणि काय नवल! आत्याबाई एकाएकी लोण्यासारख्या मऊ झाल्या. “ऱ्हाऊ दे पोरी, पानी मी आनते.” “बस जरा, पाय लांब कर.” एके दुपारी तर चिंचेचं बोटूक आणून हातावर ठेवलं आणि गालातल्या गालात हसल्या. मला वाटलं, माझ्या भाजीला अखेर चव आली वाटतं! मी चिंच मिटक्या मारत खाल्ली. इतकी शिकलेली बाई मी!

पाचव्या-सहाव्या दिवशी दुपारी त्यांनी मला नवं लुगडं नेसायला सांगितलं. नेसले, आणि सवयीनं पिस्तूल नव्या ओच्यात खोवलं. माजघरात पाट मांडलेला. शेजारच्या काशीकाकू हळदकुंकू, नारळ, तांदूळ घेऊन बसलेल्या. दार लोटलेलं.

“हे काय आत्याबाई?”

“चोरओटी गं,” काशीकाकू डोळे मिचकावत म्हणाल्या. “तिसरा लागला की गुपचूप भरतेत. लाजू नको. चालन्यावरूनच वळखलं आमी.”

माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. पण सांगू काय? पोटात लेकरू नाही, पोटावर पिस्तूल आहे? मी पाटावर बसले. म्हटलं, भरा ओटी, पुढचं पुढे पाहू.

तेवढ्यात आत्याबाई म्हणाल्या, “आन उद्या सकाळीच दमनी जुंपायची. दोन जिवांची बाई आसल्या दिवसांत हितं नको. माहेरी बाळंत होऊन ये सुखरूप.”

घ्या! जे माहेरी जायला नको म्हणून पोटाशी बांधलं, तेच मला माहेरी घालवायला निघालं!

“मला नाही जायचं!” मी ओरडले, आणि त्याच क्षणी काशीकाकूंनी माझ्या ओटीत नारळ टाकला.

टण्ण!

काकूंचा हात तसाच हवेत. “आगं बाई! पोरगं लोखंडाचं हाय काय गं?”

आता लपवून काय उपयोग? मी ओच्यात हात घातला. आणि देवाशपथ सांगते, तुरीत एकदाही जमलं नव्हतं, ते तेव्हा जमलं! किल्ली नाही, टोपडं नाही, पिस्तूल एका झटक्यात बाहेर! काशीकाकू किंचाळून ज्वारीच्या कणगीमागे गेल्या. तांदूळ सगळ्या घरभर.

हे नेमके शेतातून जेवायला आलेले, किंकाळी ऐकून धावत आले. दारातून मला पाहिलं आणि चेहरा असा फुलला! “शाब्बास! काय चटकन काढलंस!”

मग त्यांना त्यांची आई दिसली.

“हे तुजं काम व्हय?” आत्याबाईंचा आवाज पहिल्यांदाच इतका खाली आलेला.

हे भिंतीकडे पाहू लागले. मग मीच रडत रडत सगळं सांगितलं. शिकले तर राहू देतो म्हणाले, नाही तर माहेरी; आणि मला इथंच राहायचंय.

आत्याबाई पुढे झाल्या. मग पदराच्या टोकानं, मेलेला उंदीर उचलावा तसं, पिस्तूल उचललं आणि यांच्या हातात दिलं. “ज्याचं हाय त्याला देऊन ये. दमनी जुंप, न्हाई तर डोक्यावर घेऊन जा. सून न्हाई जानार. तिच्यापाशी मी हाय ना? माज्या नुसत्या आवाजानं चोर पळंल!”

ते मात्र खरं होतं. कणगीमागून काशीकाकूंनीही हुंकार भरला.

राहिले मी! इतकी खूश झाले की घरभरचे तांदूळ एकटीनं, गुणगुणत वेचले.

पण गोष्ट इथं संपली असती तर माझी अब्रू थोडी तरी वाचली असती. काही महिने गेले. एके सकाळी मला खरंच मळमळू लागलं. दिवस मोजले, पुन्हा मोजले, आणि पदर दातात धरून लाजत लाजत आत्याबाईंना सांगितलं, “आत्याबाई, मला... दिवस गेलेत.”

आत्याबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि हात पुढे केला.

“काढ मुकाट्यानं भाईर. ह्या बारीला काय, तोफ हाय का?”