आईचा गुडघा आणि आप्पांचे पाय

हॉस्पिटलात पंधरा दिवस स्टुलावर बसून बघा. किस्से गोळा करावे लागत नाहीत. संध्याकाळी चार ते सहा, व्हिजिटिंगच्या टायमाला, ते नातेवाइकांबरोबर आपल्या पायांनी चालत येतात. पेशंट बिचारा नुसता गुडघा बदलायला आलेला असतो. बदलायला हवीत ती बाकीच्यांची डोकी!

पेशंट माझी आई. शिरवणे गावची सून, अर्धं आयुष्य मिठागरात डोक्यावर मीठ वाहिलेली. उजवा गुडघा पार गेलेला. बाबा नाहीत, म्हणून घरात शब्द चालायचा बाबांच्या थोरल्या भावाचा, आप्पांचा. त्यांच्यासमोर तीस वर्षांत आईच्या डोक्यावरचा पदर हलला नव्हता, की तोंडातून शब्द फुटला नव्हता. आणि मी? एस. वाय.ला कॉलेज सोडलेला. घरच्यांच्या भाषेत रिकामटेकडा. म्हणून स्टुलावर मी!

*

ऐंशीचं दशक संपत आलं होतं, पण गुडघा बदलतात हे आमच्या गावात कुणी ऐकलंही नव्हतं. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. झिजलेलं हाड कापायचं, वर धातूची टोपी, मध्ये प्लॅस्टिक. तिसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करणार. पण घरी गेल्यावर मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही. उंच खुर्ची लागेल.

"काही विचारायचंय?" डॉक्टर म्हणाले.

मला वाटलं, आप्पा विचारतील, जिवाला धोका आहे का? किती दुखेल?

आप्पा म्हणाले, "खाली बसता नाय येनार, मंग ती मोठ्यांच्या पाया कशी परनार?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला.

*

ऑपरेशनच्या सकाळी ट्रॉली आली. आईला वर झोपवलं, हिरवा गाऊन, हाताला सुई. आप्पा पुढे झाले. मला वाटलं, डोक्यावर हात ठेवतील. ते म्हणाले, "जाताना पाया परून जा."

आणि आई उठली! सुईसकट, सडक्या गुडघ्यानं, खरंच खाली उतरायला लागली! सिस्टर ओरडली, "अहो, काय चाललंय काय?"

आप्पा जागचे हलले नाहीत. पाय मात्र थोडे पुढे केले. आईला सोपं जावं म्हणून!

*

रक्ताच्या दोन बाटल्या लागणार होत्या. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी खाटेभोवती अकरा पुरुष होते, त्यातले चार कुस्ती खेळलेले. सिस्टरनं 'रक्त कोण देणार?' विचारलं आणि एकाला तुर्भ्याला ट्रक भरायचा आठवला, एकाला म्हशी. आप्पा म्हणाले, "माजं रगत लय जाड हाय, तिला सोसनार नाय."

एक बाटली मी दिली. दुसरी समोरच्या खाटेवरच्या बाईच्या जावयानं. ओळख ना पाळख!

*

तिसऱ्या दिवशी राउंडला आप्पांनी डॉक्टरांना गाठलं. "सायेब, मेल्यावर जालला तर त्या लोखंडाचं काय व्हतं?"

"ते जळत नाही. मागे उरतं."

"मंग ते घरच्यांना परत मिलतं का?"

आई जागी होती. सगळं ऐकत होती. डॉक्टर म्हणाले, "आधी त्यांना चालू तर द्या!"

*

खरं युद्ध झालं उशीवरून. गुडघ्याखाली उशी घेतली की बरं वाटतं, आणि तिथंच घात होतो. गुडघा आखडतो, ना धड सरळ होतो, ना पुरता वाकतो. व्यायाम घेणाऱ्या मॅडमनी बजावलं होतं, "उशी दिसली तर फेकून देईन. दुखेल. दुखू दे."

माझी आत्या, आप्पांची बहीण, रोज येऊन हळूच उशी सरकवायची. मी काढली की दुसऱ्या दिवशी घरून आणायची. वर भरतकामाचा मोर!

गुडघा साठ अंशांवर अडकला. डॉक्टर म्हणाले, शनिवारपर्यंत नव्वद झाला नाही, तर परत भूल देऊन वाकवावा लागेल. मॅडम पाय वाकवायला लागल्या की आई किंचाळायची, आणि आप्पा फर्मान काढायचे, "बास झाला! आराम करू दे तिला."

मी म्हणालो, "आप्पा, तुमी बाहेर जा."

"कालेज सोरलेला मना शिकवतो?"

सहा वाजले, सगळे गेले. आईनं मोराची उशी माझ्या हातात दिली. "मिठागरात कुनी दिलती रं मना उशी?" आणि पदराचा बोळा दातांत धरून तिनं पाय वाकवला.

शनिवारी मॅडमनी मोजलं. ब्याण्णव!

*

घरी सोडलं त्या दिवशी मी उंच, हातांची लोखंडी खुर्ची तुर्भ्याहून करून आणली होती. आई वॉकर टेकत दारात आली, आणि बघतो तर खुर्चीत आप्पा! पाय पुढे केलेले.

आई थांबली. घामानं भिजलेली. सगळी आळी बघत होती.

"आप्पा, उठा."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. तीस वर्षांत पहिला शब्द!

"डाक्टरनी मना खुर्ची सांगलीय. तुमाला नाय."

आप्पा उठले. खाली चटईवर बसायला गेले. निम्म्यात दोन्ही गुडघे कट्कन वाजले आणि ते धपकन बसले. "आय गं!" आत्या धावली. आतून मोराची उशी आणली आणि आप्पांच्या गुडघ्याखाली सरकवली.

आई तोवर खुर्चीत टेकली होती. पदर डोक्यावरच होता.

"वन्सं, उशी काढा," ती म्हणाली. "आप्पा, पाय सरल करा. दुखंल. दुखू दे."