चप्पल काढून केलेला भाव

भाऊ भाव सांगायच्या आधी चप्पल काढायचा. कारखान्याचं आवार असो, गोदाम असो की सोसायटीचं पार्किंग, चपला फाटकाशी ठेवून तो कोब्यावर अनवाणी फिरायचा आणि फिरून झाल्याशिवाय आकडा तोंडातून काढायचा नाही. लोकांना वाटायचं, नवस फेडतोय. मोरिवलीच्या एका वॉचमनने विचारलंही होतं, "मंदिर समझा क्या?" भाऊ म्हणाला, "मंदिर में फुकट चलता हूँ. इधर धंदे का चलता हूँ."

धंदा म्हणजे सिमेंटच्या जमिनी मशीनच्या पाण्याने धुऊन देणं. मशीन त्याचं, तोच चालवायचा. झाडू आणि वायपर आम्हा चार बायकांकडे. त्यांत मी सगळ्यांत म्हातारी, शाळा चौथीपर्यंत. भाऊ माझ्याहून लहान, म्हणून मालक असला तरी मी त्याला अरेतुरेच करायची. तो मला बाय म्हणायचा.

हे काम करणारे आता इथे पुष्कळ झालेत. ते मोबाईलवर फोटो मागवतात, फूट मोजतात आणि सगळीकडे एकच भाव लावतात. भाऊ म्हणायचा, "फोटोला तेल लागतं काय? डोले फसवतात, पाय नाय फसवत." कोरड्यात पाय घसरला म्हणजे तेल आत मुरलंय, औषध लागणार, वेळ जाणार. तळवा खरवडला म्हणजे मळ खाचांत बसलाय, भाव वर. आणि बोटांच्या बेचक्यात वाळू आली म्हणजे सिमेंट सुटत चाललंय. तिथे पाण्याचा जोर लावला तर मळाबरोबर जमीनही निघून येते. अशा ठिकाणी तो भाव दुप्पट सांगायचा, नाहीतर सरळ हात जोडायचा.

हे तो बापाकडून शिकला होता. पालेगावात त्यांची भातशेती होती, आणि बाप अनवाणी फिरून ओल बघायचा. त्या शेतावर आता इमारती आहेत. "जमीन गेली, पाय राहिले," असं भाऊ म्हणायचा. त्याचं त्याला फार दुःख होतं असं मला दिसलं नाही. त्याच इमारतींची पार्किंगं तो धुवायचा आणि चांगला भाव घ्यायचा.

अंबरनाथच्या एका कारखान्यात मॅनेजर भाव उतरवायलाच बसला होता. भाऊ म्हणाला, "साहेब, बूट काढा, त्या मशीनपर्यंत चालून या. मग तुम्ही म्हणाल तो भाव."

साहेब म्हणाला, "और मेरे मोजे कौन धोएगा?"

"ते फुकट. आमची बाय धुवेल."

"तुझी बायको धुवेल," मी म्हटलं. साहेबाला मराठी कळत होतं. तो हसला, काम मिळालं, भाव उतरला नाही.

मग उल्हासनगरातल्या गोदामाचं काम आलं. भाऊ नेहमीसारखा फिरला आणि म्हणाला, "नुसती धूल हाय." काम स्वस्तात घेतलं. आम्ही गमबूट घालून उतरलो. त्याने मशीन पूर्ण जोरात सोडलं आणि बघता बघता वरचा थर उडाला, खालची खडी दिसायला लागली. सिंधी शेठ धावत आला. "साईं, फर्श धोने को बोला था, खोदने को नहीं!" भाऊ खाली बसून सुटलेली वाळू चिमटीत घेऊन बघत राहिला. जमीन त्याला पदरच्या खर्चाने करून द्यावी लागली आणि आम्ही घरी बसलो. बाकीच्या बायका म्हणाल्या, चुकतो माणूस. मला पटलं नाही. एवढी वाळू त्या पायांना चुकणार नव्हती.

पुढचं काम बदलापूरला, हेंद्रेपाड्यातल्या एका सोसायटीचं. तेही बिघडलं असतं तर मशीन विकायची पाळी होती, हे आम्हाला ठाऊक होतं. सेक्रेटरी फाटकाशी उभा होता आणि भाऊ पार्किंगमध्ये फिरत होता. त्याच्या मागे कोब्यावर लाल ठसे उमटत होते.

"भाऊ, थांब. पाय बघ."

टाचेत बाटलीची काच घुसली होती. दुसऱ्याचा पाय बघावा तसा तो बघत राहिला. "कवा लागली?"

"ते तू मला सांगायचं. शुगर कधीपासून आहे?"

"हल्लू बोल. बायांना सांगू नको."

"सांगणार. त्यांची चूल तुझ्या पायांवर आहे आणि तुझे पाय मेलेत."

तो माझ्यावर ओरडला. मग जिन्याच्या पायरीवर बसला. मी डोक्याचं फडकं सोडून त्याची टाच बांधली. तिकडून सेक्रेटरी म्हणाला, "काका, भाव सांगताय ना? मला उशीर होतोय." मी चप्पल काढली आणि फिरायला लागले.

"बेचक्यात काय येतं?" भाऊने पायरीवरून विचारलं.

"काही नाही. खांबापाशी चिकट आहे. टाकीजवळ शेवाळ."

"वालू?"

"नाही म्हटलं ना."

"पुन्ना बघ. कडेनं."

कडेने गेले तर उताराच्या तोंडाशी पायाखाली कुरकुरलं. तसं सांगितल्यावर त्याने भाव सांगितला, आणि उताराला मशीन लावणार नाही, हाताने घासून देऊ, हेही सांगितलं. काम नीट झालं. मशीन राहिलं.

त्यानंतर आम्ही जोडीने जायचो. "तू पाय, मी तोंड," असं त्याने ठरवून टाकलं. डॉक्टरने दोन बोटं काढल्यावर तो बूट घालून फाटकाशी स्कूटरवर बसायला लागला. एकदा मीच आकडा सांगून मोकळी झाले. आकडा बरोबर होता. तरी त्याने थोडा वाढवून पुन्हा सांगितला, तोंड कोणाचं हे कळावं म्हणून.

मागच्या वर्षी जखम चिघळली आणि तो गेला. त्याच्या घरी गेले तेव्हा अंगणाबाहेर चपलांचा ढीग होता. मीही काढली. आत पाऊल टाकलं आणि बोटांच्या बेचक्यात वाळू आली. फाटकापासून नळापर्यंत सगळा कोबा सुटलेला.

उठताना वहिनीला सांगितलं, "अंगण धुवायला कुणाला मशीन लावू देऊ नको. हाताने झाड."

ती म्हणाली, "ते तर कधी बोलले नाहीत."

"त्याला कळलं नसेल," मी म्हटलं.

चपला हातात घेऊन मी फाटकाकडे निघाले, आणि मध्येच वळून कडेने गेले. कडेला वाळू जास्त होती.