उणे दहा व्होल्ट

अंबडला माझं मशीनचे कंट्रोल दुरुस्त करायचं छोटं वर्कशॉप आहे. त्याआधी सहा वर्षं मी एका कंपनीत सोल्डरिंगला होते. तिथल्या साहेबांना एकदा मी सर्किटमधली चूक दाखवली, तर सगळ्यांसमोर म्हणाले, "तुम्ही हात चालवा, डोकं आम्ही चालवतो." ते वाक्य मी विसरलेले नाही. विसरायची इच्छाही नाही.

गेल्या वर्षी एका मालकांच्या जुन्या ग्राइंडिंग मशीनचा कंट्रोलर गेला. सल्ला द्यायला नेमके तेच साहेब, आता निवृत्त. त्यांचं म्हणणं, नवाच घ्या. मी म्हटलं, मी बनवून देते. किमतीवरून मालकांशी तासभर हुज्जत घातली आणि वर जुन्या कंट्रोलरचं पॅनलही पदरात पाडून घेतलं.

"भंगार तुमच्या काय कामाचं?" मी म्हटलं.

"न्या बाई एकदाचं," मालक म्हणाले. "पण ट्रायल फसली, तर साहेब सांगतील तिथून नवा आणणार."

मशीनचं टेबल मोटरवर पुढेमागे सरकतं. मोटर चालवणाऱ्या ड्राइव्हला अधिक दहा व्होल्ट दिले की टेबल भरधाव पुढे, उणे दहा दिले की भरधाव मागे, शून्यावर थांबलेलं. माझ्या कार्डावरच्या चिपला, मायक्रोकंट्रोलरला, उणे ठाऊकच नसतं. त्याच्याकडे शून्य ते पाच. म्हणून मी मधल्या अडीचला थांबा मानलं. पुढच्या ऑपॅम्पने, म्हणजे व्होल्ट वाढवणाऱ्या चिपने, अडीच वजा करायचे आणि उरेल त्याला चारने गुणायचं. पाचाचे अधिक दहा होतात, शून्याचे उणे दहा. माझ्या वर्कशॉपमध्ये सगळं बरोबर चाललं.

ट्रायलच्या सकाळी मशीनवरच्या काकांनी टेबलावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ ठेवला. काका निफाडहून रोज येतात, त्या मशीनवर त्यांचं आयुष्य गेलंय. ते हात काढून मागे सरले आणि मी मेन स्विच टाकला.

टेबल सुसाट मागे धावलं, टोकाच्या लिमिट स्विचला लागून खाडकन थांबलं. नारळ उडाला आणि पत्र्यावर आपटून फुटला.

"झाली पूजा," काका म्हणाले. पण क्षणापूर्वी टेबलावर असलेला उजवा हात त्यांनी डाव्या हातात धरून ठेवला होता.

"मी म्हणालो होतो," साहेब म्हणाले.

माझं डोकं सटकलं. "साहेब, तुमच्या डोक्यात नाही ना बसला नारळ? मग जरा गप्प बसा."

चूक मला तेवढ्यात कळली होती. वर्कशॉपमध्ये मी आधी कार्ड चालू करायचे, मग मोटर. इथे दोन्हींना मेन एकच. कंट्रोलर जागा होईपर्यंत त्याच्या पिनवर शून्य, आणि माझ्या हिशेबात शून्य म्हणजे उणे दहा. मग जुना कंट्रोलर हे कसं सांभाळायचा?

काकाच म्हणाले, "पोरी, जुन्याला मेन टाकलं की जरा येळानं टक् व्हायचं. मंग मशीन हलायचं. आज टक् झालंच नाय."

ते टक् म्हणजे ड्राइव्हला अडवून धरणारा रिले. तो त्या पॅनलमध्ये होता, जे मी घासाघीस करून उचलून नेलं होतं.

पॅनल अजून तोडलं नव्हतं, हे नशीब. रिले काढून आणला, ड्राइव्हला चालायची परवानगी देणाऱ्या वायरीत घातला. प्रोग्रॅम बदलला: उठल्याबरोबर आधी अडीच द्यायचे, दोन सेकंद थांबायचं, मगच रिले चालू करायचा.

काकांनी नारळाची फुटकी वाटी टेबलावर ठेवली. या वेळी मी सगळ्यांना लांब उभं केलं आणि मेन टाकला. एक. दोन. टक्.

वाटी जागची हलली नाही. मी नॉब जरासा फिरवला, टेबल सावकाश पुढे सरकलं. मागे फिरवला, तसंच मागे आलं. मधोमध आणला, थांबलं.

"रिले आमचाच ना?" मालकांनी विचारलं.

"तुम्ही भंगारात दिलेला. फुकट लावलाय, बोलू नका."

साहेबांनी चष्मा वर करून कार्ड बघितलं. "सोल्डरिंग छान आहे," म्हणाले.

एरवी मी तिथेच ऐकवलं असतं. पण काका टेबलावर दोन्ही पंजे ठेवून कुंकू पुसत होते, आणि त्यांची दहाही बोटं मला तिथून दिसत होती.