पंचमीच्या दिवशी सांडवा खणला

धुणं वाळत घालायला परसात गेलं की समोर मातीची भिंत उभी असते. पाझर तलावाचा बांध. आमच्या पत्र्यापेक्षा उंच, आणि पलीकडं पाणी. माझं माहेर वेळापूरकडचं, तिथं पाणी पाटानं पायाजवळून जातं. लग्न होऊन इकडं होटगीच्या बाजूला आले आणि पाणी डोक्याच्या वर गेलं. मी मुळातच भित्री. पहिल्याच पावसाळ्यात ह्यांना विचारलं, "हा फुटला तर?" हे हसले. "इतकी वर्षं फुटला न्हाय, आता तू आलीस म्हणून फुटंल व्हय?"

बांधाच्या पायथ्याशी बारीक पाणी झिरपायचं, अगदी निवळ. आमची भांडी तिथंच घासायची. एकदा पाटबंधाऱ्याचे साहेब तलाव बघायला आले. चहा घेताना म्हणाले, झिरपणारं पाणी निवळ आहे तोवर ठीक. गढूळ आलं, तर बांधाची माती आतून वाहून चालली असं समजा आणि लेकरंबाळं घेऊन निघा. शिवाय सांडव्यातला मुरूम आधी काढा, म्हणाले. सांडवा म्हणजे तलाव भरल्यावर जादा पाणी बाजूनं निघून जायची वाट. आमच्या लोकांनी ती मुरूम आणि पोती टाकून बुजवली होती, चार बोटं पाणी जास्त साठावं म्हणून. वाहून जाणारं पाणी आमच्या भागात कुणाला बघवत नाही. साहेबांना सगळे "व्हय साहेब" म्हणाले आणि मुरूम जागच्या जागी राहिला.

तेव्हापासून मी रोज ओंजळीत पाणी घेऊन उजेडाला धरायची. अत्ती टोमणा मारायच्या, "तीर्थ घेतीस काय गं?" अत्ती म्हणजे सासूबाई; हे त्यांना अव्वा म्हणतात. ह्यांच्या घरात अर्धं बोलणं कानडी.

त्या वर्षी पाऊस उन्हाळ्यातच घुसला आणि श्रावणात तलाव काठोकाठ भरला. नागपंचमीला सकाळी दिंडं उकडून झाली, मी पातेलं घेऊन पायथ्याशी गेले. ओंजळ भरली. पाणी चहाच्या रंगाचं. टाकून दिलं, पुन्हा भरली. तसंच. मुलगी आत पाळण्यात होती. पातेलं तिथंच टाकून पळाले, तिला उचललं, मग साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "मशीन पाठवतो, पण ओढ्याला पूर आहे, वेळ लागेल. खालची घरं रिकामी करा आणि आधी सांडवा मोकळा करा. तलाव उतरला पाहिजे."

घरं रिकामी झाली. सगळे वर सांडव्यापाशी जमलो. बाप्ये कुदळी, फावडी घेऊन आले आणि नुसते उभे राहिले. पंचमीला जमीन खणत नाहीत, नागोबाला लागतं. एक जण म्हणाला, "दिवस मावळू दे, मग बघू." पाणी बांधाच्या माथ्यापासून वीतभर खाली होतं. मला असा संताप आला. मी ह्यांना म्हटलं, "तुमच्या हातात कुदळ मिरवायला दिलीय काय?"

हे हळूच म्हणाले, "मला कळतंय की. पण अव्वाच्या म्होरं कसा घाव घालू?"

ते काही खोटं नव्हतं. अत्तींचा थोरला मुलगा लहानपणीच साप चावून गेला होता. त्याच वर्षी माझ्या सासऱ्यांनी पंचमीला गोठ्यात खुंट्यासाठी खड्डा घेतला होता. पंचमी आणि ते मूल अत्तींच्या मनात कायमचं जोडलं गेलं. आमच्या घरात त्या दिवशी विळीसुद्धा बाहेर निघत नाही. हे त्यांचं उरलेलं एकुलतं एक लेकरू. त्याच्या हातून पंचमीला माती खणवायची म्हणजे काय, हे मला त्यांच्या तोंडाकडं बघून कळलं. त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

अत्तींनी सांडव्याकडं बघितलं, मग माझ्या कडेवरच्या मुलीकडं. पुढं झाल्या आणि ह्यांच्या हातातली कुदळ ओढून घेतली. "सरक," म्हणाल्या. "घाव मी घालते. नागोबाला काय डूख धरायचा त्यो माज्यावर धरू दे."

आणि घातला. कुदळ जेमतेम मुरमात रुतली. पण तो घाव पडला आणि बाकीचे सगळे तुटून पडले. पोती निघाली, पाणी सांडव्यातून धो धो निघालं. पायथ्याचं पाणी मात्र दुपार कलली तरी गढूळच होतं, आणि ते बघत मी मुलीला छातीशी धरून बसले होते. तलाव उतरला तसं ते बारीक झालं. बांध राहिला. पुढं उन्हाळ्यात खात्यानं दुरुस्तीही केली.

पण अत्ती त्या पंचमीपासून बाजेवर झोपत नाहीत. दाराच्या आत, उंबऱ्याला लागून, जमिनीवर वाकळ टाकून आडव्या पडतात. मुलगी, हे आणि मी आत. मी कितीदा म्हटलं, "अत्ती, वर झोपा, गार लागेल."

"असू दे," म्हणतात. "आला तर त्याला आदी मी घावले पायजे."

आता सकाळी उठले की मी आधी त्यांच्याकडं बघते, मग पाण्याकडं जाते.