कोरड्या केसांचा सावळाराम

भिवंडीसारख्या गावात, जिथं गल्लीगल्लीत मागाचं तेल सांडलेलं, तिथं सावळारामच्या डोक्याला मात्र दोन वर्षं तेलाचा थेंब लागला नव्हता. हा गृहस्थ पंचायत समितीत शिपाई. विहिरींच्या पाण्याचे नमुने बाटलीत भरून मुंबईला तपासायला पाठवायचे, हे त्याचं काम. साहेब एवढंच म्हणाले होते, की नमुना घेताना हाताला तेल नको. सावळारामनं तेलच सोडून दिलं. त्याची बायको कमळा वैतागून म्हणायची, "लोक मला विचारतात, घरात खोबरेल संपलं काय गं!"

हे सगळं शेलार गावातल्या एका विहिरीपायी. पंच्याहत्तरच्या उन्हाळ्यात जवळच्या ट्रान्सपोर्टवाल्याची जमिनीत पुरलेली डिझेलची टाकी गळली आणि रंगूबाईच्या विहिरीवर तवंग आला. विहीर रंगूबाईच्या नवऱ्यानं स्वतः खणलेली. तो गेला, पण पाणी राहिलं होतं, आणि अर्धा गाव ते प्यायचा. टाकी निघाली, विहीर कितीदा उपसली, तरी वास जाईना. बायका हंडे घेऊन पार माळापलीकडे जायला लागल्या. शेवटी साहेबांनी ठरवून टाकलं: सलग तीन महिने नमुने स्वच्छ आले तर विहीर उघडायची, नाहीतर पावसाआधी बुजवायची.

पहिले दोन स्वच्छ आले. तिसऱ्या खेपेला सावळाराम धुतलेल्या बाटल्या आणि स्वतःची सुती दोरी घेऊन पोचला, तर रंगूबाई नारळ घेऊनच उभी. त्यानं विहिरीत डोकावलं. पाण्यावर तवंग होता.

 त्यानं बादलीभर पाणी काढून त्यात बोट बुडवलं आणि हुंगलं. डिझेलचा वास तो झोपेतही ओळखला असता. हा तो नव्हता. हा वास त्याच्या घराच्या दारातच रोज यायचा. त्यानं वर पाहिलं. विहिरीवरची गंजकी कप्पी चकचकीत झाली होती आणि तिच्यातून तेल ठिबकत होतं.

"मावशी, कप्पीला तेल कुनी घातलं?"

"मीच!" रंगूबाई कौतुकानं म्हणाली. "लई कुरकुरत व्हती. माझ्या अनंताला सांगून लूमवरचं तेल आनवलं. आता पानी भरायचं हाय ना!"

करायला गेले गणपती आणि झाला मारुती! काय झालं ते कळल्यावर म्हातारीनं तोंडात पदर कोंबला. "मीच माझ्या हातानं बुजवली रं, बाबा," ती पुटपुटली. सावळारामला तिच्याकडे बघवेना.

तिचा मुलगा अनंता मागावरचा, व्यवहारी. त्यानं हळूच सुचवलं, "भाऊ, पल्याडच्या हिरीचं भरा ना बाटलीत. कोनाला कलतंय?"

"मला कळतंय ना," सावळाराम म्हणाला. "उद्या खरंच डिझेल उतरलं, तर तुझीच पोरं पितील."

बाटल्या रिकाम्याच घेऊन तो परत गेला आणि साहेबांना घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. साहेब खेकसले, "तुझ्या त्या म्हातारीपायी मी विहीर बुजवायचा कागद किती दिवस दाबून ठेवू?" सावळाराम जागचा हलला नाही. इतर वेळी साहेबांपुढं त्याचं तोंड उघडत नसे, पण त्या दिवशी तो आठ दिवसांची मुदत घेऊनच बाहेर पडला.

त्या आठ दिवसांत कप्पी उतरली. अनंतानं लूमवरची पाळी बुडवली आणि अख्खी आळी उपशाला लागली. पुरुषांनी आत उतरून फडक्यांनी दगड न् दगड पुसला. रंगूबाई काठावर बसून जो येईल त्याला विचारायची, "हात धुतलेस का?" झरे भरून आले तेव्हा सावळारामनं कठड्यावर पालथं पडून दोरी स्वतःच्या हातानं सोडली. बाटली वर येईपर्यंत कोणी खोकलंसुद्धा नाही.

पंधरवड्यानं मुंबईहून तपासणीचा कागद आला. स्वच्छ! सावळाराम सायकल हाणत शेलारला गेला. रंगूबाईनं नारळ फोडला, पहिला तांब्या त्याच्याच हातात दिला. सावळारामनं बारा गावचं पाणी बाटलीत भरलं होतं, पण असं गोड पाणी तो कधी प्यायला नव्हता. पिताना त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं ते लपवलेही नाहीत.

"बस हितं खाली," रंगूबाई म्हणाली आणि आतून खोबरेलाची वाटी घेऊन आली.

"मावशी, अजून दुसऱ्या विहिरी..."

"त्या उद्या. आज माझी हाय."

तिनं ओंजळभर तेल त्याच्या टाळूवर थापलं आणि आईसारखं जिरवलं. कानामागून ओघळ आले, सदरा खराब झाला. सावळाराम डोळे मिटून बसून राहिला.

संध्याकाळी तो घरी पोचला तेव्हा कमळा दारात तांदूळ निवडत होती. तो काही बोलायच्या आत तिनं त्याच्या डोक्याकडं पाहिलं, आणि तिच्या हातातलं सूप थांबलं.

"उघडली विहीर?" ती म्हणाली.